एअरसॉफ्ट गनला लिपो बॅटरी जोडताना: वायर, फ्यूज आणि कनेक्टरबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न मला असा समजला. इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट रायफलमध्ये (प्लास्टिकच्या बारीक गोळ्या मारणारी खेळातली गन) आजवर ८.४ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी होती आणि तिला लहान टॅमिया कनेक्टर होता. आता तुम्ही ११.१ व्होल्टची, १३०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेची लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, घेतली आहे आणि तिला टी आकाराचा डीन्स कनेक्टर आहे. दोन्हीकडचे कनेक्टर कापून वायरी एकमेकींना पिळल्या आणि वरून टेप गुंडाळली तर चालेल का? आणि बॅटरीच्या नळीत जागा अडवणारा काचेचा फ्यूज काढून टाकला तर काय बिघडेल?

दोन्ही करू नका. मात्र नुसतं "नको" म्हणून थांबलो तर उद्या दुसरा कुणीतरी "मी तर वर्षभर असंच वापरतोय" म्हणेल आणि तुम्हाला ते पटेल, म्हणून कारणं नीट सांगतो. गेली बारा वर्षं मी या गन उघडतोय, दुरुस्त करतोय. जळालेल्या वायरी घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा प्रश्न तुमच्यासारखाच "कनेक्टर कसा जुळवू?" इथून सुरू झालेला असतो. खरा प्रश्न कनेक्टरचा नसतोच. तुमच्या गनची सगळी वायरिंग एका कमजोर बॅटरीच्या भरवशावर केलेली आहे आणि तिच्या जागी तुम्ही एक दमदार बॅटरी बसवताय. खरी अडचण तिथे आहे.

जुन्या छोट्या निकेल पॅकचा अंतर्गत रोध बराच असतो. मोटरने एकदम जास्त करंट मागितला की पॅकचं व्होल्टेजच खाली बसतं आणि करंट आपोआप आवरला जातो. वायर बारीक आहे, कनेक्टर सैल आहे, ट्रिगरच्या पट्ट्या काळ्या पडल्या आहेत, हे सगळं त्यामुळे खपून जातं. लिपो तसं करत नाही. १३०० एमएएचच्या पॅकवर २०सी लिहिलेलं असेल तर तो १.३ च्या वीसपट, म्हणजे २६ अँपिअर सलग देऊ शकतो, असा त्याचा अर्थ. शॉर्ट झाला तर तो त्याच्या कितीतरी पट करंट सोडतो. गनची मोटर चालताना साधारण १५ ते २५ अँपिअर घेते आणि थांबलेल्या स्थितीतून सुटताना क्षणभर त्याहून बरंच जास्त. आता या वाटेवरचा कुठलाही कच्चा सांधा तापणार, कारण त्याला वाचवणारी जुन्या बॅटरीची मर्यादा राहिलेली नाही.

उष्णतेचा हिशेब सोपा आहे: करंटचा वर्ग गुणिले रोध. पिळून टेप लावलेल्या सांध्याचा रोध समजा १० मिलिओहम धरला, म्हणजे ओहमचा शंभरावा भाग. २० अँपिअरला तिथे ४ वॉट उष्णता तयार होते, तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत, बंद नळीच्या आत, लिपोच्या पातळ आवरणाला चिकटून. टेपचा गोंद उबेने मऊ होतो, सरकतो. तांब्याचे तंतू हलतात, वरून काळे पडतात, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. पहिल्या दिवशी सांधा थंड लागतो म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि दोन महिन्यांनी तोच सांधा वायरीचं आवरण वितळवतो. म्हणून "वर्षभर चाललं" हा पुरावा मी धरत नाही.

आता व्होल्टेज. कनेक्टरच्या आधी हे ठरवायला हवं आणि इथे उत्तर खरोखर तुमच्या गनवर अवलंबून आहे. ११.१ हा तीन सेलच्या लिपोचा नाममात्र आकडा. पूर्ण चार्ज झाल्यावर ती १२.६ व्होल्ट असते. दोन सेलची लिपो नाममात्र ७.४ आणि पूर्ण चार्जला ८.४. बरेच जण ७.४ हा आकडा ८.४ पेक्षा लहान दिसतो म्हणून ती बॅटरी बाजूला ठेवतात आणि थेट ११.१ वर उडी मारतात. प्रत्यक्षात ताणाखाली ७.४ ची लिपो तुमच्या निकेल पॅकपेक्षा खंबीर राहते, ट्रिगर चटकन प्रतिसाद देतो आणि गनच्या बाकी भागांना धक्का बसत नाही. गन कारखान्यातून आली तशीच असेल, आतला पिस्टन प्लास्टिकच्या दात्यांचा असेल, मॉसफेट (मोटरचा करंट जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) नसेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: ७.४ ची बॅटरी घ्या.

११.१ वर फायरिंगचा वेग वाढतो. वेग फार वाढला आणि स्प्रिंग त्यामानाने नरम असली, तर पिस्टन पूर्ण पुढे पोहोचायच्या आत सेक्टर गिअर, म्हणजे पिस्टनला मागे ओढणारं दातेरी चाक, त्याला पुन्हा पकडतो. दाते सोलले जातात. शिवाय ट्रिगरचे तांब्याचे संपर्क जळतात, त्याबद्दल पुढे बोलतो. पिस्टन धातूच्या दात्यांचा आहे, स्प्रिंग कडक आहे, मॉसफेट बसवलेला आहे, असं असेल तर ११.१ बिनधास्त वापरा. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून गन अजून उघडलेली दिसत नाही. तेव्हा घेतलेली बॅटरी फेकू नका, प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून जपून ठेवा आणि गनची तयारी झाल्यावर काढा.

आता कनेक्टर. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो: बॅटरीची बाजू कापूच नका. तुमच्या बॅटरीला डीन्स आहे ना, मग गनच्या बाजूचा टॅमिया काढा आणि तिथे डीन्सचा दुसरा भाग बसवा. गनमधल्या वायरीत बॅटरी नसताना वीज नसते, त्यामुळे तिथे कटर चालवा, सोल्डरिंग आयर्न टेकवा, चूक झाली तरी ठिणगी उडणार नाही. बॅटरीच्या वायरी मात्र कायम जिवंत असतात. लाल आणि काळी वायर कटरच्या एकाच चाव्यात कापली की कटरचं पातं दोन्हींना जोडतं. मी हे एका ग्राहकाच्या हातात झालेलं पाहिलं आहे. क्षणात पात्याला खड्डा पडला आणि वितळलेल्या धातूचे कण त्याच्या मनगटावर उडाले. डोळ्यांवर गॉगल होता म्हणून तेवढ्यावर निभावलं.

जुन्या निकेल पॅकलाही डीन्स बसवायचा असेल आणि बॅटरीची बाजू बदलण्याला इलाजच नसेल, तर एका वेळी एकच वायर. लाल कापा, सोला, सोल्डर करा, हीटश्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवा, गार होऊ द्या. त्यानंतरच काळीला हात लावा. दोन्ही उघडी टोकं एकाच वेळी टेबलावर असता कामा नयेत. मधे जोडायचं टॅमिया ते डीन्स असं तयार अडॅप्टर मिळतं, पण त्याने वाटेत आणखी दोन सांधे वाढतात आणि आपण ज्यापासून पळतोय तो बारीक टॅमिया वाटेतच राहतो. खेळायला दोन दिवस उरले असतील तर एकदा वापरायला हरकत नाही, कायमची सोय म्हणून नको.

जिवंत बाजूचा धातू उघडा नको, हा नियम लक्षात ठेवा. म्हणून बॅटरीवर नेहमी मादी भाग असतो, ज्यात पट्ट्या प्लास्टिकच्या आत दडलेल्या असतात, आणि गनवर नर भाग. हे उलटं केलंत तर खिशातल्या किल्ल्यांनी बॅटरी शॉर्ट होईल. डीन्सऐवजी एक्सटी३० किंवा एक्सटी६० हवा असेल तर तोही चांगला, पकडायला सोपा, उलटा बसत नाही. अरुंद नळीत मी एक्सटी३० वापरतो.

रंगावर विश्वास ठेवू नका. टॅमियाच्या काही पॅकमध्ये लाल-काळी ज्या खाचेत अपेक्षित असते तिच्या उलट आलेली मी स्वतः मोजली आहे. डीन्सच्या प्लास्टिकवर अधिक आणि उणे अशी खूण असते. मल्टिमीटर लावा, आकड्यापुढे उणे चिन्ह येतंय का बघा, मगच सोल्डर करा. दोन मिनिटांचं काम आहे.

सोल्डरिंगबद्दल तपशिलात बोलतो, कारण बहुतेक चुका इथेच होतात. १६ गेजची वायर (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड) आणि डीन्सची पट्टी दोन्ही भरपूर उष्णता ओढून घेतात. छोटी, टोकदार, २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न घेऊन बसलात तर पट्टी तापेपर्यंत प्लास्टिक मऊ होईल आणि पट्टी तिरकी होईल. ६० वॉटची, रुंद टोकाची घ्या. जास्त तापमान, थोडा वेळ. आधी हीटश्रिंक नळी वायरीवर सरकवून ठेवा, हे विसरलं की सगळा सांधा पुन्हा सोडावा लागतो. वायरीला आधी सोल्डर पाजून घ्या, पट्टीवरही पातळ थर द्या, मग दोन्ही टेकवून एकदा तापवा. सोल्डर वाहून पसरलं पाहिजे. वर गोळा होऊन बसलं तर आत पोहोचलंच नाही. फ्लक्स राळेचा वापरा. पत्र्याला डाख द्यायचं आम्लाचं फ्लक्स वायरीच्या तंतूंत शिरून आतून तांबं खातं. आणि सोल्डर करताना कनेक्टरचा दुसरा, कशालाही न जोडलेला भाग त्यात खुपसून ठेवा. त्याने पट्ट्या सरळ राहतात आणि थोडी उष्णताही तिकडे निघून जाते. गार झाल्यावर वायर जोरात ओढून बघा. निघाली तर आत्ता निघालेली बरी.

वायरीची जाडी. स्वस्त गनमध्ये बहुधा १८ गेज किंवा त्याहून बारीक वायर आणि वर पीव्हीसीचं आवरण असतं. जायची-यायची मिळून मीटरभर वायर धरली तर १८ गेजचा रोध साधारण २१ मिलिओहम, १६ गेजचा १३. २० अँपिअरला पहिल्यात सुमारे ०.४ व्होल्ट आणि ८ वॉट वाया जातात, दुसरीत ०.२६ व्होल्ट आणि ५ वॉट. फरक दिसायला लहान आहे, पण गिअरबॉक्समधून जाणाऱ्या वायरीला हवा लागत नाही. बदलायचीच असेल तर १६ गेज, सिलिकॉनच्या आवरणाची, जी २०० अंशांपर्यंत तग धरते. एक अडचण मात्र आहे: सिलिकॉनचं आवरण जाड आणि नाजूक असतं, धातूच्या कडेवर घासलं की चिरतं. गिअरबॉक्सच्या खाचेत जिथे जागाच नाही तिथे टेफ्लॉनच्या आवरणाची वायर जास्त योग्य, ती बारीक असते आणि सहज कापली जात नाही. मी आत टेफ्लॉन, बाहेर बॅटरीपर्यंत सिलिकॉन असंच करतो.

आणि आता फ्यूज. यावर मी थोडा हट्टी आहे आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी जुनी घेतलेली एक गन घरी तपासत होतो. आधीच्या मालकाने फ्यूज काढून वायर सरळ जोडली होती. ते मी पाहिलं आणि "नंतर बसवू" म्हणून लिपो लावली. मागच्या स्टॉकचा (खांद्याला टेकवायच्या दस्त्याचा) स्क्रू आवळला तेव्हा त्याच्या डोक्याखाली वायर चिमटली होती. लाल वायरीचं आवरण फाटून ती धातूच्या नळीला टेकली, काळी आधीच कुठेतरी घासून उघडी पडलेली. ट्रिगर दाबलाही नव्हता. आधी वास आला, मग नळीच्या तोंडातून धूर. कनेक्टर बाहेर होता, हात पोहोचत होता, म्हणून मी बॅटरी तोडू शकलो. बोटं भाजली. बॅटरी आत आणि झाकण बंद असतं तर काय झालं असतं, हे मला आजही आठवलं की बरं वाटत नाही. योग्य फ्यूज असता तर तो क्षणात वितळला असता आणि मला फक्त वायर बदलावी लागली असती.

तेव्हा फ्यूज काढू नका, बदला. काचेच्या फ्यूजच्या होल्डरमध्ये पातळ स्प्रिंग आणि टोप्या असतात, त्या स्वतःच तापतात आणि जागाही खातात. गाड्यांमध्ये असतो तो ब्लेड फ्यूज, त्याचा लहान प्रकार, अरुंद जागेत सहज मावतो. ७.४ ला २० अँपिअर, ११.१ ला २५. जागा लाल वायरीवर, बॅटरीच्या जितकी जवळ जमेल तितकी, कारण फ्यूज त्याच्या पुढची वायर वाचवतो, मागची नाही. फ्यूजवरचा आकडा म्हणजे त्या करंटला लगेच वितळणार असं नव्हे. थोडा जास्त करंट तो बराच वेळ सहन करतो, म्हणूनच मोटर सुरू होतानाचा क्षणिक झटका त्यातून निघून जातो. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा घालू नका. गिअर अडकतोय, मोटरची उंची चुकली आहे किंवा कुठेतरी वायर घासते आहे. ते शोधा.

मॉसफेट हा पुढचा टप्पा. साध्या गनमध्ये मोटरचा पूर्ण करंट ट्रिगरच्या पट्ट्यांतून जातो. ट्रिगर सोडताना पट्ट्या विलग होतात तेव्हा मोटरची कॉइल करंट तोडू देत नाही, मधे ठिणगी उडते. व्होल्टेज वाढलं की ती लांबते आणि पट्टी काळी पडते, खडबडीत होते. मॉसफेट लावला की ट्रिगरमधून फक्त बारीकसा संकेत जातो, मोठा करंट मॉसफेट जोडतो-तोडतो. ११.१ ला मी तो अत्यावश्यक मानतो.

पण त्याचे दोन धोके क्वचितच कुणी सांगतं. पहिला, साध्या मॉसफेटला बॅटरी उलटी जोडली तर त्याच्या आतला डायोड वाट मोकळी करून देतो. ट्रिगर न दाबता मोटर उलटी फिरायला बघते, गिअरबॉक्समधली उलट फिरणं रोखणारी खिटी तिला अडवते आणि अडलेली मोटर पूर्ण करंट ओढत राहते. इथेही फ्यूजच वाचवतो. दुसरा, मॉसफेट जळतो तेव्हा बहुधा "चालू" अवस्थेत अडकतो, म्हणजे गन स्वतःहून फायर करत राहते. घरी बनवलेल्या सर्किटमध्ये गेटपासून (मॉसफेटचं संकेत घेणारं टोक) उणे टोकापर्यंत रोधक, म्हणजे १० ते ४७ किलोओहमचा रेझिस्टर, राहून गेला तरी तसंच होऊ शकतं. म्हणून बॅटरी जोडताना मॅगझिन काढलेलं, नळी सुरक्षित दिशेला आणि डोळ्यांवर गॉगल. सेफ्टीचा खटका यात भरवशाचा नाही, कारण बहुतेक गनमध्ये तो फक्त ट्रिगर अडवतो.

वायर बसवताना चिमटण्याच्या जागा आठवणीने तपासा: स्टॉकचा स्क्रू, गिअरबॉक्सच्या दोन अर्ध्यांमधली खाच, सेक्टर गिअरच्या बाजूची भिंत आणि ग्रिपच्या तळाची धातूची पट्टी, जिथे मोटरच्या टोकांवरचे स्पेड, म्हणजे वायरीचे चपटे धातूचे जोड, सहज टेकतात. स्पेडवर हीटश्रिंक हवंच. मोटरच्या अधिक टोकाजवळ बहुधा लाल ठिपका असतो. स्टॉक मागे-पुढे सरकणारा असेल तर दहा वेळा सरकवून वायर कुठे ताणली जाते ते बघा. आणि बॅटरीचा कनेक्टर एका हाताने दोन सेकंदांत तुटेल अशा जागी ठेवा. माझं त्यामुळेच बोटं भाजण्यावर निभावलं.

चार्जिंगचं थोडक्यात. निकेलचा जुना चार्जर लिपोला कधीही लावायचा नाही. लिपोसाठी बॅलन्स चार्जर, म्हणजे सगळे सेल सारख्या व्होल्टेजला आणणारा चार्जर, लागतो, तीन सेलच्या पॅकला चार पिनांची बॅलन्स वायर असते ती जोडायची, १३०० एमएएचला १.३ अँपिअरने चार्ज करायचं, न जळणाऱ्या पृष्ठभागावर, बॅटरी गनच्या बाहेर काढून आणि आपण खोलीत असताना. प्रत्येक सेल ४.२ च्या वर नको, ३ च्या खाली नको. मी मोटर बंद असताना मोजून ३.६ ला थांबतो. कमी व्होल्टेजला ओरडणारा छोटा अलार्म बॅलन्स वायरीला लावता येतो, पण खेळून झाल्यावर तो काढा, तोही थोडाथोडा करंट पितच असतो. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, कितीही थोडी फुगलेली असली तरी. आणि गन ठेवताना बॅटरी रोज काढायची.

सगळं बसवल्यावर लगेच फुल ऑटो दाबू नका. मल्टिमीटरने आधी बॅटरी न जोडता गनच्या कनेक्टरवर अधिक-उणे शॉर्ट नाही ना ते बघा, ट्रिगर न दाबता. मग मॅगझिनशिवाय बॅटरी जोडा आणि दहा सेकंद नुसतं थांबा: आवाज, वास, ऊब काही आहे का. त्यानंतर पाच सिंगल शॉट, बॅटरी तोडा आणि कनेक्टर, फ्यूज होल्डर, वायर आणि मोटर एकेक हाताने चाचपा. मग दोन-दोन सेकंदांचे तीन बर्स्ट आणि पुन्हा तेच. मोटर कोमट होईल, ते ठीक. कनेक्टर किंवा फ्यूज होल्डर मोटरपेक्षा गरम लागला तर रोध तिथे आहे आणि तो सांधा पुन्हा करायचा. कुठली जागा किती तापली आणि आत वायर कुठल्या गेजची निघाली ते लिहा, म्हणजे पुढे मॉसफेट आधी की वायर आधी ते नेमकं सांगता येईल.